नवव्या ओळीला थांबणारं पेन : शाई नीट न उतरण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकच्या पंचवटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या पेनचं आहे. त्यांचं नाव देत नाही, बाई म्हणतो. गल्लीतही त्यांना सगळे बाईच म्हणतात. त्यांना विचारून, त्यांना वाचून दाखवून मगच हे लिहिलं आहे.

मी सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी केली. आता संध्याकाळी घरी शाईची पेनं दुरुस्त करतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग, पितळी शिम म्हणजे अगदी पातळ पट्टी, पिचकारी आणि दोन-तीन ब्रश, एवढाच माझा पसारा. बहुतेक पेनं नुसती धुतली तरी चालायला लागतात. बाईंचं तसं झालं नाही. त्यात माझी एक चूक झाली आणि तिचा परिणाम त्या पेनवर अजून आहे, म्हणून हे सविस्तर मांडतो.

पेन एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, लेथवर हाताने उतरवलेलं. निवृत्तीच्या दिवशी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिलेलं. निब स्टीलची, तिच्या पोटाखाली शाई निबपर्यंत आणणारी एबोनाइटची जीभ, मागे दट्ट्याचा कन्व्हर्टर, म्हणजे शाई ओढून साठवणारी बारीक नळी. निब आणि जीभ गळ्यात नुसती दाबून बसवलेली, म्हणजे ओढली की बाहेर येणारी.

या पेनने बाई रोज लिखित जप करतात. ‘श्रीराम जय राम जय जय राम’, एका ओळीत चार वेळा, पानावर सत्तावीस ओळी. एका पानात एकशे आठ जप होतो. वही रामनवमीला पुरी करून देवासमोर ठेवायचा संकल्प होता आणि पेन माझ्याकडे आलं तेव्हा माघ निम्मा सरला होता. मी सहज विचारलं, तोवर बॉलपेनने लिहिता येईल का? त्यांनी उजव्या हाताचा अंगठा पुढे केला. सांधा सुजलेला होता. म्हणाल्या, “बॉलपेन दाबावं लागतं हो. हे नुसतं टेकवलं की चालतं. चालायचं, असं म्हणू या.”

अडचण

पेन सुरुवातीला उत्तम लिहायचं. सात-आठ ओळी गडद निळ्या, एकसारख्या. मग रंग फिका पडायचा आणि पुढच्या एक-दोन ओळींत रेघ तुटायची. पेन झटकायचं. तरी नाही आलं तर मागची नळी उघडून दट्ट्या अर्धा फेरा फिरवायचा. त्याने शाई यायची, कधी नको तेवढी, आणि वहीवर डाग पडायचा. जपाच्या वहीवर पडलेला डाग बाईंच्या मनाला फार लागायचा.

दोष सर्वांत आधी दिसायचा शिरोरेषेत. देवनागरी लिहिणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. अक्षरांच्या उभ्या रेघा आखूड असतात आणि मध्ये मध्ये हात उचलला जातो, तेवढ्यात निबमध्ये शाई भरून येते. शिरोरेषा मात्र बाई चार जपांवर मिळून एका दमात ओढतात. डावीकडून उजवीकडे लांब, न थांबता आणि बऱ्याच वेगाने. भिंगाखाली वही धरली तर नवव्या ओळीची शिरोरेषा पहिल्या ‘राम’वर गडद होती, दुसऱ्यावर करडी, आणि तिसऱ्यावर तिच्या दोन बारीक कडा तेवढ्या उरल्या होत्या, मधला भाग पांढरा. अक्षरं मात्र अजून वाचता येत होती.

आणखी एक गोष्ट वहीत होती आणि ती मी पहिल्या दिवशी पाहूनही पाहिली नाही. पेन जिथे थांबलं तिथे समासात पेन्सिलीने एक बारीक ठिपका. पानोपानी. तिचं महत्त्व मला नंतर कळलं.

समोरचे पर्याय

शाईच्या पेनात दोन वाहतुकी एकाच वाटेने चालतात. शाई खाली येते आणि तिच्या जागी हवा वर जाते. हवा गेली नाही तर शाईही येत नाही. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके देत येतं, दुसरं पाडलं की धार लागते, त्यातलाच हा प्रकार. जिभेच्या पाठीवरची बारीक खाच हेच काम करते. लुईस वॉटरमन यांनी 1884 साली पेटंट घेतलं ते अशाच जिभेचं, आणि आजची जीभही मूळ त्याच तत्त्वावर चालते. जिभेच्या पोटाला ज्या पट्ट्या-पट्ट्या दिसतात त्या जादा आलेली शाई धरून ठेवतात. खाचेतून निबच्या भोकापर्यंत आणि भोकापासून चिरेतून टोकापर्यंत शाई स्वतःच्या ओढीने, केशाकर्षणाने जाते.

तेव्हा शाई अडायच्या जागा मोजक्या आहेत. निबची चीर फार घट्ट असू शकते. निब जिभेवर नीट टेकलेली नसेल तर मध्ये फट राहते आणि शाईचा धागा तुटतो. जिभेच्या खाचेत सुकलेली शाई बसलेली असू शकते. कन्व्हर्टरमध्ये शाई दट्ट्याला चिकटून वरच राहू शकते. याशिवाय शाईच कोरड्या स्वभावाची असेल, किंवा कागदाला तळहाताचा तेलकटपणा लागला असेल, तरी रेघ तुटते.

माझ्यापुढे त्या दिवशी धुणं, शाई बदलणं, चीर मोकळी करणं आणि कन्व्हर्टर बदलणं असे मार्ग होते. शाई बदलायला बाई तयार नव्हत्या, वहीचा रंग मध्येच बदलला असता. धुवायला पेन रात्रभर ठेवून घ्यावं लागलं असतं आणि त्यांना ते त्याच संध्याकाळी परत हवं होतं, रोजचं पान चुकवायचं नव्हतं. उरली चीर. भिंगाखाली ती मला घट्ट दिसली. टोकाकडे चिरेच्या दोन बाजूंची पाती एकमेकांना अगदी चिकटलेली.

पहिला निर्णय आणि तो कुठे चुकला

0.05 मिलिमीटरची पितळी शिम मी चिरेत घातली आणि भोकापासून टोकापर्यंत हलक्या हाताने आठ-दहा वेळा ओढली. शिम बाहेर काढताना टोकाशी जो अडथळा लागत होता तो कमी झाला. मग अंगठ्याच्या नखाने पाती किंचित फाकवली. कागदावर टेकवताच गडद, ओली रेघ आली. दोघांनाही बरं वाटलं. बाईंनी तिथेच बसून तीन ओळी लिहून पाहिल्या. काम झालं असं समजून मी पेन त्यांच्या हाती दिलं.

पाचव्या दिवशी त्या परत आल्या. चिडल्या नव्हत्या. वही उघडून पुढे ठेवली आणि म्हणाल्या, “आधी नवव्या ओळीला थांबायचं. आता सहाव्यालाच थांबतंय. तुम्हीच बघा.”

तेव्हा मी ते ठिपके पहिल्यांदा नीट वाचले. शिम घालायच्या आधीच्या पानांवर ठिपके आठव्या ते अकराव्या ओळीच्या दरम्यान होते, मग पुन्हा तेवढ्याच अंतरावर दुसरा. नंतरच्या पानांवर पाचव्या-सहाव्या ओळीला. शाई भरल्या दिवशीही तेच आणि दोन दिवसांनी कन्व्हर्टर निम्मा झाल्यावरही तेच. मागे शाई किती आहे याच्याशी थांबण्याचा काही संबंधच नव्हता.

याचा अर्थ एकच निघत होता. बाई लिहीत होत्या ती शाई जिभेच्या पोटात साठलेली होती. ती संपली की पेन थांबत होतं, कारण मागून दुसरी येत नव्हती. झटकलं की जीभ पुन्हा भरायची आणि पुन्हा तेवढ्याच ओळी. मी चीर मोकळी केली म्हणजे त्याच साठ्याला मोठं तोंड पाडलं. शाई जास्त जायला लागली, साठा लवकर संपला. ज्याला मी दुरुस्ती म्हणत होतो त्याने दुखणं वाढवलं होतं आणि ते बाईंच्या समासात ओळवार नोंदलेलं होतं.

दुसऱ्या वेळी केलेली तपासणी

या वेळी मी पेन ठेवून घेतलं. बाईंना माझं एक साधं पेन त्यांचीच शाई भरून दिलं, म्हणजे रोजचं पान चुकणार नाही. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. घाई पेनची नव्हती, त्या दिवशीच्या पानाची होती, आणि दोन्ही मी एकच धरलं.

आधी कागदाची शंका काढून टाकली. हात पानावर खाली सरकत जातो, तळहाताचा तेलकटपणा कागदाला लागतो आणि खालच्या ओळींत पेन घसरतं, हे खूपदा होतं. म्हणून पानाच्या मधोमध, चौदाव्या ओळीपासून लिहायला घेतलं, तेही हाताखाली टीपकागद ठेवून. पेन थांबलं एकोणिसाव्या ओळीला. म्हणजे सहावीच ओळ. कागद सुटला.

मग कन्व्हर्टर काढला आणि पेन टाकासारखं वापरलं. निब दौतीत भोकापर्यंत बुडवायची, कडेला निथळायची आणि लिहायचं. आमच्या आजोबांच्या पिढीला याचं काही नवल वाटलं नसतं, पण निबची परीक्षा याहून चांगली नाही. बुडवून लिहिताना शिरोरेषा सलग आली. निबवर शाई असेपर्यंत एकही तूट नाही. दोष निबच्या मागे होता, पुढे नव्हता.

तिसरी तपासणी पाण्याच्या थेंबाची. निब पुसून घेतली, पेनचा गळा उभा धरला, निब खाली, आणि कन्व्हर्टर जिथे बसतो त्या नळीच्या तोंडावर ड्रॉपरने एक थेंब सोडला. स्वच्छ जीभ हा थेंब लगेच ओढून घेते आणि निबच्या भोकाशी ओल दिसते. इथे थेंब तोंडावर भिंगासारखा फुगून बसला. मी शंभरपर्यंत आकडे मोजले. तो तसाच. खिडकीतला उजेड त्यात उलटा दिसत होता.

एवढ्या तिन्हीला मिळून अर्धा तास लागला.

जीभ बाहेर काढल्यावर

गळा पाण्यात भिजत ठेवून, रबराच्या तुकड्याने निब-जीभ एकत्र धरून सरळ ओढली. पिळायची नाही, पट्ट्या मोडतात. खाचेत वरून काहीच दिसत नव्हतं. काळ्या एबोनाइटवर काळपट शाई दिसणार तरी कशी! जीभ आडवी धरून उजेड तिरका पाडला तेव्हा खाचेच्या साधारण मध्यावर, ज्वारीच्या निम्म्या दाण्याएवढ्या लांबीत, चकाकी नव्हती. तिथे खरबरीत पापुद्रा होता.

बाईंना विचारलं तेव्हा उलगडा झाला. उन्हाळ्यात दौतीतली शाई दाट झाली की त्या तिच्यात पाणी घालायच्या. वाड्यातल्या बोअरचं पाणी, ज्याने तांब्याला पांढरा थर धरतो. शिवाय निळी शाई संपली तेव्हा पेन न धुता त्यावरच दुसऱ्या कंपनीची निळी-काळी भरली होती आणि दिवाळीला लेकीकडे गेल्या तेव्हा पेन महिनाभर तसंच राहिलं होतं. दोन वेगळ्या शाया एकत्र आल्या की त्यातले रंग कधी कधी साकळतात. त्यात क्षाराचं पाणी आणि वर सुकणं.

पाणी घालण्याची सवय मात्र मला चूक म्हणवत नाही. त्यांच्या लहानपणी शाई घरी व्हायची, पुडी किंवा वडी पाण्यात विरघळवून. दांडेकर बंधूंनी 1931 साली मुंबईत सुरुवात केली ती शाईच्या पुडीने आणि वड्यांनीच, कॅमल शाईची बाटली त्यानंतरची. ज्यांनी पाणी घालूनच शाई पाहिली त्यांना दाट शाईत पाणी घालणं हेच बरोबर वाटणार. फरक एवढाच की तेव्हा हातात टाक होता. टाकाला खाच नसते, पुसला की झालं.

साफसफाई तीन पायऱ्यांनी केली. आधी साधं पाणी. मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब घातलेलं पाणी, रात्रभर. सकाळी तळाशी काळे कण होते, तरी पापुद्रा पुरता सुटला नव्हता. तेव्हा घरगुती अमोनिया एक भाग आणि पाणी दहा भाग, खिडकी उघडी ठेवून, फक्त निब आणि जीभ. पेनचं अंग त्यात घातलं नाही. अमोनियाच्या जवळपास कपड्यांचं ब्लीच ठेवायचं नाही, दोन्ही मिसळले की विषारी वायू होतो. स्पिरिटचा विचारही केला नाही, पुष्कळ पेनांच्या प्लास्टिकला ते खातं. शेवटी शिमची कड खाचेतून एकदाच, दाब न देता फिरवली. ब्लेड घालण्याचा मोह होतो, पण एबोनाइट मऊ असतं आणि खाच एकदा रुंद झाली की पेन गळायला लागतं.

त्यानंतर थेंब सोडला. टेकला आणि दिसेनासा झाला.

माझी फाकवलेली निब मागे आणायची होती. पाती एकमेकांवरून आळीपाळीने किंचित दाबून चीर मिटवली, तिसऱ्या प्रयत्नात जमली. निब जिभेवरून जराशी उचललेली दिसत होती, म्हणून दोन्ही एकत्र वाफाळत्या पाण्यात अर्धा मिनिट धरून, एबोनाइट नरम असताना निबवर दाबून बसवली. पेनचं अंग गरम पाण्यापासून लांबच ठेवलं. काळं एबोनाइट गरम पाण्याने तपकिरी पडतं.

अजून एक अडथळा

पेन भरून लिहायला बसलो. नऊ ओळी गेल्या, पंधरा गेल्या, एकोणिसाव्या ओळीला शिरोरेषा करडी झाली. या वेळी काही न करता लगेच नळी उघडली. कन्व्हर्टरमध्ये शाई निम्म्याहून जास्त होती, सगळी वर, दट्ट्याला चिकटून. तोंडाशी हवेचा बुडबुडा. कन्व्हर्टरची नळी इतकी अरुंद की शाईचा स्वतःचा ताण तिला खाली सरकू देत नव्हता.

इथे पुन्हा निवड करायची होती. शाईत साबणाचा अंश घातला तर ती सुटते, पण कागदावर फुटते आणि प्रमाण रोज कोण सांभाळणार? रुंद कन्व्हर्टर पेनच्या मागच्या नळीत बसत नव्हता. तिसरा उपाय म्हणजे आत एक बारीक गोळी टाकायची. पेन हाताळताना ती मागे-पुढे सरकते आणि शाईला चिकटून राहू देत नाही. काही कन्व्हर्टर अशी गोळी घालूनच मिळतात. माझ्या डब्यात जुन्या बेअरिंगच्या गोळ्या होत्या आणि हात तिकडे गेलाही होता. पण साध्या बेअरिंगचं क्रोम स्टील शाईत गंजतं. गंजाचे कण खाचेत उतरले असते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न झाले असते. दोन दिवस थांबून स्टेनलेसची गोळी आणली.

परिणाम

माझ्याकडे सलग तीन पानं लिहिली, झटका न देता. मग पेन दिलं. पहिल्या आठवड्यात बाईंच्या समासात एकच ठिपका होता आणि तो शाई खरोखर संपल्याचा. एकदा भरलं की चार पानं होतात. वही रामनवमीच्या दोन दिवस आधी पुरी झाली. त्यानंतर कामदा एकादशीला राम-गरुडाचे रथ निघाले तेव्हा बाई नवी वही सुरू करून मोकळ्या झाल्या होत्या.

सगळं पूर्ववत मात्र झालेलं नाही. निबची दोन पाती आता अगदी समोरासमोर नाहीत. डावं पातं केसभर खाली आहे. भिंगाखाली मला दिसतं आणि बाईंना हाताला कळतं. ‘श्री’ची वेलांटी वर नेताना निब किंचित खरखरते. बारीक पॉलिशच्या कागदावर घासून ती कमी केली, पण त्याहून जास्त घासलं तर टोकाच्या आतल्या कडा गोल होतात आणि मग निब कागदाला टेकूनही शाई धरत नाही. म्हणून तिथेच थांबलो. नवी निब माझ्या खर्चाने बसवून देतो म्हटलं. बाईंनी नको सांगितलं, पेन पोरांनी दिलं तसंच राहू दे म्हणाल्या. ती खरखर माझ्या शिमची आहे, हे मी त्यांना सांगितलं आहे.

आज हे पेन आलं तर

आधी नळी उघडून शाई कुठे उभी आहे ते बघेन, पेन थांबलेलं असतानाच, झटकण्याआधी. पहिल्या दिवशी हे केलं असतं तर निम्मा उलगडा तिथेच झाला असता. मग बुडवून लिहिणं, मग थेंब. निबला हात सगळ्यांत शेवटी, आणि तोही बुडवून लिहिताना रेघ तुटली तरच. मळ धुऊन जातो, कन्व्हर्टर बदलता येतो. वाकवलेलं स्टील मात्र होतं तसं परत येत नाही.

एका वेळी एकच बदल करेन आणि मधल्या काळात किमान एक पूर्ण पान लिहून पाहीन. तीन ओळींची परीक्षा मला फसवून गेली, कारण भरलेली जीभ तीन ओळी कशीही लिहिते. पहिल्या भेटीत चीर घट्ट दिसली तीही फसगतच होती. टोकाशी पाती जवळजवळ टेकलेली असणं हेच बरोबर, चीर भोकापासून टोकाकडे निमुळती होत गेली पाहिजे, तरच शाई टोकाकडे ओढली जाते.

आणि मालकाला विचारेन. शाई कोणती, पाणी कुठलं, पेन शेवटचं कधी धुतलं, मध्ये किती दिवस बंद होतं. बाईंनी हे सगळं विचारताक्षणी सांगितलं होतं. मी पहिल्या दिवशी विचारलंच नव्हतं.

बाई आता दर एकादशीला पेन धुतात, बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने. पाण्याची बाटली जपाच्या वहीशेजारीच असते. शाई दाट झाली तर तेच पाणी, दोन थेंब.